रक्तार्बुदाचे उपचार आणि 'रक्तदान' हा शब्द

एखादे शास्त्र पुढे जाते आणि त्या विषयाची लोकव्यवहारातील भाषा मागे राहते, ही घटना भाषेच्या अभ्यासकास नवी नाही. सूर्य उगवतो आणि मावळतो असे आपण आजही म्हणतो, आणि त्यामुळे कोणाचे काही अडत नाही. परंतु काही क्षेत्रे अशी आहेत की तेथे ही मागे राहिलेली भाषा माणसाला प्रत्यक्ष अडवते. ल्युकेमिया या रोगाचे रुग्णालयातील उपचार हे असे एक क्षेत्र होय. या उपचारांत रुग्णास औषधांच्या बरोबरीने अनोळखी माणसांच्या रक्ताची गरज पडते. आणि ती गरज ज्या शब्दांत व्यक्त केली जाते ते रक्तदान, रक्तपेढी, बदली रक्त, रक्ताचे नाते इत्यादी शब्द एका जुन्या कल्पनेतून घडलेले आहेत. रक्त ही एक अखंड वस्तू आहे, ती प्रसंग पडला म्हणजे एकदा द्यावयाची असते, आणि शक्यतो आप्तांनी द्यावयाची असते, ही ती कल्पना. ल्युकेमियाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. त्या का खऱ्या नाहीत हे या शब्दांच्याच आधाराने पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

प्रथम रोगाच्या नावाविषयी. १८४५ साली बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखो याने आणि त्याच वर्षी एडिंबरो येथे जॉन ह्यूज बेनेट याने, मृत्यूनंतर तपासलेल्या रुग्णांच्या रक्तात पांढऱ्या कणांचा अतिरेक आढळल्याचे वर्णन केले. फिरखोने आधी नुसते 'पांढरे रक्त' असे साधे जर्मन शब्द वापरले व १८४७ साली ग्रीक भाषेतील 'ल्युकोस' म्हणजे पांढरे आणि 'हायमा' म्हणजे रक्त यांपासून आजचे नाव सिद्ध केले. नाव दिसण्यावरून पडले. कारण तेव्हा ठाऊक नव्हते. मराठीत परिभाषाकारांनी 'रक्तार्बुद', 'श्वेतकोशिकार्बुद' असे शब्द योजले आणि लोकांनी 'रक्ताचा कर्करोग' अथवा सरळ 'ब्लड कॅन्सर' हा शब्द पत्करला. यांतील 'अर्बुद' या शब्दाचा संस्कृत वैद्यकातील अर्थ गाठ असा आहे, आणि या रोगात बहुधा गाठ नसतेच. शस्त्राने काढून टाकावे असे येथे काही नाही. बिघाड असतो तो हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. रक्तात दिसतो तो त्याचा परिणाम.

रक्तातील सर्व पेशी अस्थिमज्जेत तयार होतात, ही गोष्ट एर्न्स्ट नॉयमान याने १८६८ साली दाखवून दिली. आयुर्वेदातील सप्तधातूंच्या क्रमात मज्जा ही रक्ताच्या पुष्कळ पुढे, अस्थीनंतर येते. तेथे रक्तापासून क्रमाने मज्जा होते, मज्जेपासून रक्त होत नाही. आपल्या भाषेच्या पोटात हाच क्रम मुरलेला असल्याने रक्ताच्या आजारासाठी कमरेच्या हाडात सुई का घालावयाची, हा प्रश्न रुग्णाच्या घरच्यांना पडतो आणि तो अगदी स्वाभाविक आहे. उत्तर इतकेच की कारखाना तेथे आहे. ल्युकेमियात त्या कारखान्यात पांढऱ्या पेशींची एक अपक्व जात बेसुमार वाढते आणि इतर पेशींना जागा उरत नाही. तांबड्या पेशी घटल्या की रुग्ण पांढराफटक पडतो, जिना चढताना त्याला धाप लागते. बिंबाणू घटले की हिरड्यांतून रक्त येते, अंगावर जांभळे ठिपके उमटतात. पांढऱ्या पेशींची संख्या पुष्कळदा मोठी असते, परंतु कामाच्या पेशी थोड्या असतात, म्हणून साधा ज्वरही जिवावर बेततो.

उपचारांनी हा तुटवडा प्रारंभी कमी होत नाही, उलट वाढतो. हा मुद्दा समजून घेणे आवश्यक आहे, कारण रक्ताची गरज कशी व किती काळ पडते याचे रहस्य येथेच आहे. रसायनोपचार, ज्यांस आता सर्वत्र 'केमो' म्हणतात, ते वेगाने वाढणाऱ्या सर्वच पेशींवर आघात करतात; रोगी पेशी आणि निरोगी पेशी असा विवेक त्यांतील बहुतेक औषधांना नाही. प्रौढांत अधिक आढळणाऱ्या तीव्र मज्जाजन्य प्रकारात एक औषध सात दिवस व दुसरे तीन दिवस शिरेतून देण्याची पद्धत अनेक दशके प्रचलित आहे. ते दहा दिवस नव्हेत. पहिले तीन दिवस दोन्ही औषधे बरोबरच चालतात. आठवड्यात औषध संपते, आणि खरा कठीण काळ त्यानंतर सुरू होतो. मज्जा रिती झालेली असते आणि ती पुन्हा काम करू लागेपर्यंत तीन ते चार आठवडे जातात. या आठवड्यांत रुग्ण स्वतःचे रक्त जवळजवळ तयार करीत नाही. तो इतरांच्या रक्तावर जगतो. मुलांत अधिक आढळणाऱ्या प्रकारात उपचार दोन-अडीच वर्षे चालतात, त्यांचा मोठा भाग घरी राहून घेता येतो आणि सुसज्ज केंद्रांत बहुसंख्य मुले पूर्ण बरी होतात. परंतु तेथेही पहिला महिना असाच असतो.

या औषधांच्या नावांकडे आणि कुळांकडे पाहण्याचा मोह भाषेच्या शिक्षकास आवरत नाही. आपल्या अंगणातील सदाफुलीच्या कुळातून व्हिन्क्रिस्टीन आले. मराठीत ज्याचे नाव विषप्रयोगाच्या कथांतच ऐकावयाचे तो सोमल, म्हणजे संखियाचा क्षार, चीनमधील हार्बिन येथील वैद्यांनी १९७०च्या दशकात या रोगाच्या एका विशिष्ट प्रकारावर वापरला आणि आज तो त्या प्रकाराचा प्रमुख उपचार आहे. १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ज्या औषधाने मुलांतील हा रोग काही काळ तरी हटवून दाखविला, ते अमिनॉप्टेरिन आंध्रातील भीमावरम् येथे जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले होते. लाल रंगाचे डॉनोरुबिसिन हे नाव दक्षिण इटलीतील 'डाउनी' या प्राचीन जमातीवरून व माणकाच्या फ्रेंच नावावरून घडले आहे. असो. नावे कितीही मनोहर असली तरी औषधाने पडलेला खड्डा औषधाने भरत नाही, तो रक्तानेच भरावा लागतो.

आता 'पेशी' या शब्दाकडे वळू. मराठीच्या व्यवहारात या एका शब्दाने जितका घोटाळा केला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या शास्त्रीय शब्दाने केला असेल. सुश्रुतसंहितेत 'पेशी' म्हणजे मांसाचा गोळा, आजचा स्नायू. हिंदीत 'मांसपेशी' या शब्दात तोच अर्थ टिकून आहे. मराठीने हा शब्द सजीवाच्या सूक्ष्मतम घटकासाठी राबविला. येथवर हरकत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत डेंगीच्या साथींमुळे 'पेशी कमी झाल्या' हा वाक्प्रयोग खेडोपाडी रूढ झाला, आणि तेथे 'पेशी' म्हणजे प्लेटलेट, ज्यांस पाठ्यपुस्तकांत रक्तबिंबिका किंवा बिंबाणू म्हणतात. त्यातच कोणी त्यांना 'पांढऱ्या पेशी' म्हणू लागले. वास्तविक बिंबाणू आणि पांढऱ्या पेशी या दोन निराळ्या वस्तू आहेत. रक्त गोठविणे हे बिंबाणूंचे काम, जंतूंशी लढणे हे पांढऱ्या पेशींचे. डेंगीत हा घोटाळा फारसा नडत नाही. ल्युकेमियात तो भलताच नडतो, कारण येथे एकाच दिवशी पांढऱ्या पेशी लाखावर आणि बिंबाणू दहा हजारांच्या खाली, असा अहवाल हाती येऊ शकतो. 'पेशी वाढल्या आहेत' हे वाक्य ऐकून घरचे आनंदतात आणि 'पेशी चढवायच्या आहेत' हे वाक्य लगोलग ऐकून चक्रावतात.

प्रस्तुत लेखकास एका आप्ताच्या आजारपणात मुंबईतील एका रुग्णालयाच्या रक्तकेंद्राबाहेर बरेच दिवस बसावे लागले. परगावाहून आलेल्या एका गृहस्थांना 'पेशी देणारा माणूस आणा' असे सांगण्यात आले होते. त्यांनी गावाकडून जीप भरून अकरा तरुण आणले. सर्वजण उपाशीपोटी, रात्रभर प्रवास करून आलेले. हवा होता एकच दाता, परंतु विशिष्ट गटाचा, यंत्रावर दीड-दोन तास बसू शकेल असा, दोन्ही हातांच्या शिरा ठळक असलेला आणि पोटात काही खाऊन आलेला. त्या अकरांतून त्या दिवशी एकही चालला नाही. यात कोणाचा दोष होता असे म्हणता येत नाही. वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध होते. केवळ त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगणाऱ्याच्या मनात एक होता व ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा.

म्हणून 'रक्त देणे' म्हणजे काय हे नीट उलगडून सांगणे अवश्य आहे. मराठीत 'रक्त दिले' या वाक्याचे तीन अर्थ होतात. तपासणीसाठी नमुना दिला, दुसऱ्यासाठी पिशवीभर रक्त दिले, आणि डॉक्टरांनी रुग्णाला रक्त दिले. यांतील दुसऱ्या अर्थाचेही आता पोटभेद झाले आहेत. दात्याकडून घेतलेले ३५० अथवा ४५० मिलिलिटर रक्त सामान्यतः जसेच्या तसे कोणास देत नाहीत. काही तासांच्या आत ते वेगाने फिरवून त्याचे तांबड्या पेशी, बिंबाणू आणि रक्तद्रव असे भाग करतात. तांबड्या पेशी शीतपेटीत ३५ ते ४२ दिवस टिकतात. रक्तद्रव गोठवून वर्षभर ठेवता येतो. बिंबाणू मात्र २० ते २४ अंश उष्णतेत, सतत हलत्या फळीवर ठेवावे लागतात आणि ते पाचच दिवस टिकतात. त्यांतला पहिला दिवस बहुधा तपासण्यांतच जातो. शिवाय एका पिशवीतून मिळणारे बिंबाणू प्रौढ रुग्णाच्या एका मात्रेच्या जेमतेम षष्ठांश असतात. यावर उपाय म्हणून दात्याचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातील बिंबाणू तेवढे काढून घेतात व बाकीचे रक्त त्याला परत करतात. अशा एका दात्यापासून पूर्ण मात्रा मिळते, आणि दात्याच्या तांबड्या पेशी जवळजवळ सर्वच परत मिळत असल्याने तो अठ्ठेचाळीस तासांनंतर पुन्हा देऊ शकतो. आठवड्यातून दोनदा व वर्षातून २४ वेळा ही भारतातील मर्यादा आहे. संपूर्ण रक्त देणाऱ्या पुरुषास मात्र ९० दिवस आणि स्त्रीस १२० दिवस थांबावे लागते.

निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख बिंबाणू असतात. रसायनोपचार चालू असलेल्या रुग्णात ते दहा हजारांच्या खाली गेले की रक्तस्राव झालेला नसला तरी बाहेरून देतात. दिलेले बिंबाणू दोन-तीन दिवसांत संपतात. म्हणजे त्या तीन-चार आठवड्यांत एका रुग्णामागे आठ-दहा मात्रा लागणे ही असामान्य गोष्ट नाही, आणि त्या एकाच दिवशी आणून ठेवता येत नाहीत.

येथे 'रक्तपेढी' या शब्दाचा विचार करावा लागतो. १९३७ साली शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी साठवणीची व्यवस्था उभारली आणि तिला सावकारी व्यवहारातील नाव दिले. मराठीने 'पेढी' हा आपला जुना शब्द योजून ते रूपक अधिकच घट्ट केले. पेढीवर ठेव ठेवता येते, गरजेच्या वेळी काढता येते, आणि ठेव जितकी मोठी तितकी निश्चिंती अधिक. तांबड्या पेशींच्या बाबतीत हे रूपक महिना-सव्वा महिना चालते. बिंबाणूंच्या बाबतीत ते पाच दिवसांत मोडते. आपल्याकडे शिबिरे भरतात ती २६ जानेवारीस, १ मेस, १५ ऑगस्टला, थोर पुरुषांच्या जयंत्यांना आणि थोर म्हणवून घेणाऱ्यांच्या वाढदिवसांना. त्या दिवशी शेकडो पिशव्या जमतात. सातव्या दिवशी त्यांतील बिंबाणूंचा एक थेंबही उपयोगाचा नसतो. महाविद्यालये बंद असतात त्या एप्रिल-मे महिन्यांत आणि दिवाळीत तर सर्वच पुरवठा आटतो. रोग मात्र सुटी घेत नाही. २०२० साली केंद्र शासनाच्या औषधविषयक नियमांत दुरुस्ती होऊन 'रक्तपेढी'च्या जागी 'रक्तकेंद्र' या अर्थाचा शब्द आला. बदल योग्यच आहे, तथापि लोकांच्या तोंडी अद्याप पेढीच आहे.

'बदली' या शब्दाचाही एक इतिहास आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पैसे घेऊन रक्त विकण्यास बंदी करण्याचा आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून ती अमलात आली. त्यापूर्वी व नंतरही अनेक ठिकाणी 'घेतले तितके परत करा' अशी पद्धत होती व आहे. त्या परतफेडीला 'बदली रक्त' म्हणतात. परळच्या गिरण्यांत कायम कामगार गैरहजर असेल त्याच्या जागी घेतला जाणारा 'बदली' रोज सकाळी दरवाजाशी उभा राहत असे. गिरण्या गेल्या, परंतु त्याच परळमध्ये, टाटा स्मारक रुग्णालयासारख्या संस्थांच्या परिसरात, विदर्भातून, मराठवाड्यातून, बिहार-बंगालमधून आलेले नातेवाईक बदली माणूस शोधीत फिरताना दिसतात. ज्यांचे गाव हजार कोसांवर आहे त्यांनी बदली कोठून आणावी? 'दान' या शब्दात परतफेडीची अपेक्षा नाही, 'बदली'त ती आहे. दोन्ही शब्द एकाच खिडकीवर नांदतात, ही आपल्या व्यवस्थेतील विसंगती आहे. राष्ट्रीय धोरण ऐच्छिक दानाचे आहे हे येथे नमूद केले पाहिजे.

सर्वांत खोल रुजलेला शब्दप्रयोग 'रक्ताचे नाते' हा होय. मुलाला रक्त हवे तर बापाने द्यावे, भावाला हवे तर बहिणीने, ही भावना इतकी प्रबळ आहे की डॉक्टरांनी नकार दिला तर घरच्यांना तो अपमान वाटतो. वस्तुस्थिती अशी की ल्युकेमियाच्या रुग्णास जवळच्या नातेवाइकाचे रक्त देणे शक्यतो टाळतात. त्याची कारणे दोन. दात्याच्या रक्तातील काही जिवंत पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात जातात. त्या परक्याच्या असल्या तर रुग्णाचे शरीर त्यांना ओळखून नष्ट करते. आप्ताच्या असल्या तर साम्यामुळे त्या ओळखल्या जात नाहीत, तेथे तग धरतात आणि उलट रुग्णाच्याच शरीरावर चालून जातात. ही आपत्ती विरळ आहे, परंतु घडली तर ती बहुधा प्राणघातक ठरते. म्हणून आप्ताचे रक्त द्यावेच लागले तर ते आधी गॅमा किंवा क्ष किरणांखाली धरतात. दुसरे कारण असे की पुढे मज्जारोपण करण्याची वेळ आली तर त्याच भावाची अथवा बहिणीची मज्जा लागण्याचा संभव असतो, आणि त्याच्या रक्ताशी आधीच परिचय झालेले शरीर ती मज्जा झिडकारू शकते. सारांश, रोजच्या गरजेसाठी उत्तम दाता म्हणजे ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही असा माणूस.

रक्तगटांना नात्यागोत्याशी फारसे कर्तव्य नाही, हे लँडस्टायनर यांनी १९००-०१ साली लावलेल्या शोधापासून ज्ञात आहे. सख्ख्या भावांचे गट भिन्न असू शकतात व मुंबईतील माणसाचा गट मणिपूरच्या माणसाशी जुळतो. एक अपवादात्मक गट मात्र आपल्या शहराच्या नावाने जगभर ओळखला जातो. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेला 'बॉम्बे' गट तो हा. शहराचे नाव बदलले, गटाचे बदलले नाही. या गटाच्या माणसास त्याच गटाचे रक्त चालते आणि नेहमीच्या ढोबळ तपासणीत तो 'ओ' गटाचा भासतो. अशा माणसास ल्युकेमिया झाला तर काय धावपळ होत असेल याची कल्पना करावी.

मज्जारोपणाची गोष्ट निराळी. भारतात पहिले रोपण १९८३ साली टाटा स्मारक रुग्णालयात झाले. येथे ऊतींची जुळणी लागते आणि ती वंशपरंपरेने येते. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. भावंड जुळले नाही तर अनोळखी दात्यांच्या नोंदवह्यांत शोध घ्यावा लागतो, आणि समान वंशपरंपरेच्या लोकांत जुळणी मिळण्याचा संभव अधिक असतो. इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना याचा अनुभव येतो. तेथील नोंदवह्यांत युरोपीय वंशाचे दाते बहुसंख्य असल्याने त्यांची जुळणी अनेकदा भारतातच शोधावी लागते. अलीकडे आईबाप वा मुले यांच्याशी असणाऱ्या अर्ध्या जुळणीवरही रोपणे होतात.

परंतु मराठी माणूस नाव नोंदविताना कचरतो, आणि त्यात आपल्या शब्दांचा वाटा आहे. 'मज्जारज्जू' म्हणजे पाठीच्या कण्यातील दोरा, 'मज्जातंतू' म्हणजे नसा, 'मज्जासंस्था' म्हणजे मेंदूसह सारा पसारा. आणि 'अस्थिमज्जा' म्हणजे हाडातील मगज, ज्याचा यांच्याशी काडीचा संबंध नाही. एकाच शब्दाने दोन भिन्न वस्तू दर्शविल्याचे हे फळ. मज्जा द्यावयाची म्हटले की ऐकणाऱ्यास कणा आठवतो, कण्यावरून पांगळेपणा. प्रत्यक्षात मज्जा कमरेच्या हाडातून काढतात, तीही आता क्वचित. पुष्कळदा चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मूळ पेशी रक्तात उतरवतात व हाताच्या शिरेतून यंत्राद्वारे वेगळ्या करतात. येथे 'मगज' हा साधा शब्द ठेवला असता तर बरे झाले असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रोपण यशस्वी झाले की रुग्णाचा रक्तगट पालटून दात्याचा होतो. कालपर्यंत 'बी' असलेला माणूस 'ओ' होतो, आणि त्याच्या रक्ताची तपासणी केली तर ते रक्त दात्याचे निघते.

आमच्या विभागातील विद्यार्थ्यांच्या हाती वरचेवर पडणारे निवेदन असे असते : 'कर्करोगाच्या रुग्णासाठी तातडीने रक्त हवे आहे, कोणताही गट चालेल.' यातील 'कोणताही गट' हा बदलीच्या पद्धतीचा अवशेष आहे. 'रक्त' कोणते ते सांगितलेले नाही. दिवस नाही, म्हणून ते महिनोन्‌महिने फिरत राहते. त्याऐवजी असे लिहावे : 'ओ पॉझिटिव्ह गटाच्या रुग्णास यंत्राद्वारे बिंबाणू देणारा एक दाता गुरुवारी सकाळी नऊ वाजता हवा आहे. वय १८ ते ६०, वजन ५० किलोंहून अधिक, गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी. न्याहारी करून यावे. तपासणीसह तीन तास मोडतील. दुसरा दाता रविवारी व तिसरा बुधवारी लागेल. रुग्णाच्या जवळच्या नातेवाइकांनी देऊ नये.' खाली रुग्णालयाचे नाव व रक्तकेंद्राचा दूरध्वनी द्यावा, आणि दाता मिळाल्यावर ते निवेदन मागे घेतल्याचे त्याच माणसांना कळवावे.